मुकी वेल

"माझ्या दिराच्या मते मी एक तर वेडी आहे, नाही तर चोर." आलेल्या बाई खुर्चीत बसण्यापूर्वीच म्हणाल्या. "रविवारपर्यंत दोहोंपैकी एक काय ते कबूल करायचंय."

ताईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढविला. "आज शुक्रवार. म्हणजे वेळ आहे. बसा आणि चहा घ्या."

तीस वर्षे ताई वजनमापे निरीक्षक होत्या. दुकानदार त्यांच्या पाठीमागे त्यांना 'तागडी' म्हणत आणि समोर आल्या की स्वतःची तागडी घाईघाईने पुसत. निवृत्तीनंतर लोक आपापली कोडी घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. त्यांचे धाकटे बंधू शाळेत चित्रकला शिकवीत असत. सगळे त्यांना मास्तरच म्हणत. मास्तर जे पाहत ते हुबेहूब कागदावर उतरवीत. त्याचा अर्थ लावण्याचे काम मात्र, ताईंच्या मते, परमेश्वराने दुसऱ्या कुणाकडे सोपविलेले होते.

आलेल्या बाई एका जुन्या जवाहिऱ्यांच्या घरातील थोरल्या सूनबाई. पेढीतील सारे त्यांना वहिनी म्हणत. यजमानांना जाऊन चार महिने झाले होते.

"आमच्या घरात एक हार आहे. वेल म्हणतो आम्ही त्याला," वहिनी सांगू लागल्या. "नव्वद वर्षांपूर्वी माझ्या आजेसासऱ्यांनी स्वतःच्या हातानं घडवला. पेढीचं दार पहिल्यांदा उघडलं, तेव्हा घरात अकरा माणसं होती. प्रत्येकाचं एक, अशी अकरा पानं. मधोमध एक अर्धवट उमललेलं पान, ते पुढं जन्मणाऱ्यांचं. तेच अर्धं पान आमच्या पेढीची खूण झालं."

"ती घालतं कोण?"

"थोरली सून. घरच्या मुलींनी तिला हातसुद्धा लावायचा नाही. मुली परक्या घरी जायच्या, वेल घराबाहेर जाता कामा नये, म्हणून. बावीस वर्षं ती माझ्या गळ्यात होती. हे गेल्यावर धाकटे भावोजी म्हणाले, वर्धापनदिनापर्यंत तिजोरीत ठेवू. तीन महिने झाले देऊन. परवा समारंभात फोटोसाठी पुन्हा गळ्यात घातली." त्या थांबल्या. "ती माझी वेल नाही."

"कशावरून?"

"माझी वेल मी मान वळवली की किणकिणते. मी स्वयंपाकघरात असले तरी हे दिवाणखान्यातून ओळखायचे. ही मुकी आहे. मी चार पाहुण्यांसमोर तसं बोलले, ते भोवलं. आता भावोजी म्हणतात, हार खरा असेल तर मी वेडी. खोटा असेल तर बदलणारी मीच, कारण बावीस वर्षं तो माझ्याकडंच होता. रविवारी 'हार खरा आहे' असं लिहून दिलं नाही, तर कारखान्यातून मीही जायचं आणि माझी लेकही. तिचे हात तिच्या पणजोबांसारखे आहेत हो. कारखान्यातली कामाची बैठक सुटली तर ती कुठं जाईल?"

मास्तर हळहळले. "ताई, दागिना तिजोरीत पडून राहिला तर आवाज बदलत असेल का गं?"

"मास्तर, तू बोल कमी आणि काढ जास्त," ताई उठत म्हणाल्या. "वही घे."

पेढीत त्या तिघांचे जे स्वागत झाले त्याला स्वागत म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान ठरेल. धाकटे मालक काचेच्या कपाटाआडून उठलेसुद्धा नाहीत.

"वजनमापेवाल्या ना तुम्ही? झकास. मग तुमच्याच शास्त्रानं बोलू." त्यांनी मखमली डबी उघडली, हार काढून तराजूच्या ताटलीत ठेवला आणि आत हाक मारली. "आक्का! आजोबांची वही आण."

आतून एक उंच स्त्री आली. बंद गळ्याचे, हनुवटीपर्यंत बटणे लावलेले काळे वस्त्र. हातात कातडी बांधणीची जुनी वही. ही मालकांची थोरली बहीण. घरात वहिनींची लेक तिला आत्या म्हणे, म्हणून सारेच तिला आत्या म्हणत. लग्न न करता तिने पंचवीस वर्षे पेढीचे दागिने रेखिले होते.

आत्यांनी वही उघडली. प्रत्येक पान, प्रत्येक कडी पूर्ण आकारात रेखलेली होती आणि खाली सुवाच्य अक्षरात वजन लिहिलेले होते.

"एकशे बत्तीस पूर्णांक चार दशांश ग्रॅम," तोळ्या-माशांतले वजन ग्रॅममध्ये करून त्यांनी वाचले.

ताईंनी तराजूकडे पाहिले. एकशे बत्तीस पूर्णांक चार.

"दशांशाचाही फरक नाही. कसोटीलाही कस तोच उतरला," धाकटे मालक म्हणाले. "झालं समाधान? दार तिकडे आहे."

"वजन फारच सुंदर जुळलं," ताई हळूच म्हणाल्या. "इतकं सुंदर जुळलेलं मी तीस वर्षांत क्वचित पाहिलं. मास्तर, हार काढ. पुढून आणि मागून. कड्यासुद्धा."

मास्तर काढू लागले. पानांच्या कडा सर्वत्र सारख्याच मऊ झालेल्या होत्या. एकात एक अडकविलेल्या बारीक कड्या, वाटोळ्या आणि देखण्या, त्यांनी मोठ्या भक्तिभावाने रेखिल्या.

"तिजोरीची किल्ली कुणाकडे?" ताईंनी विचारले.

"माझ्याकडे. एकच आहे, झोपतानाही कमरेला असते. तीन महिने डबी आतच होती. आता म्हणा की मीच चोर! अहो, मला सुईत दोरा ओवता येत नाही, हार काय घडवणार?"

"घडवून घेता येतो."

"कुणाकडून? आमच्या कारागीर फुंकणीकडून? तो म्हातारा मला तोंडावर शिव्या देतो." मालक वहिनींकडे वळले. "आणि बाई, बाहेरची माणसं आणून घरची धुणी धुवायची हौस फिटली का तुमची?"

"धुणं मळवलं कुणी ते कळल्यावर फिटेल," वहिनी उत्तरल्या.

आत्यांची खोली वरच्या मजल्यावर होती. हवा कोंदट, पंखा बंद. मास्तरांनी रुमालाने कपाळ टिपले. आत्यांच्या गळ्याचे एकही बटण सुटलेले नव्हते.

"वहिनी चोर नाही," आत्या शांतपणे म्हणाल्या. "दादा गेल्यापासून तिला भास होतात, इतकंच. तिला लिहून देऊ द्या आणि विश्रांती घेऊ द्या. माझ्या भावाची समजूत मी घालीन."

"हार तिजोरीपर्यंत कुणी नेला?"

"डबी मीच नेली, वहिनीच्या खोलीतून खाली. बंद होती. उघडायचा प्रश्नच नाही. घरच्या मुलीनं हात लावायचा नाही, हे मला सहाव्या वर्षी शिकवलं. पट्टीनं."

"आणि ही वही?"

"माझ्या कपाटात असते. किल्ली माझ्याजवळ. भाचीनं तीनदा मागितली, दिली नाही. हात कच्चे आहेत अजून तिचे."

खालून धाकट्या मालकांनी हाक दिली. आत्या दाराकडे वळल्या, पण मान वळविली नाही. एखादे कपाट फिरवावे तशा त्या सबंध अंगाने वळल्या. बिचाऱ्यांची मान धरली असावी, असे मास्तरांच्या मनात आले आणि त्यांना कोमट तेलाचा सल्ला द्यावासा वाटला.

"एकदाही हातात घ्यावीशी वाटली नाही?" ताईंनी विचारले.

"या पेढीचा प्रत्येक दागिना मी त्या वेलीवरून रेखला." आत्यांचा हात क्षणभर गळ्याशी गेला. "हातात कशाला घ्यायला हवी? मला ती पाठ आहे."

कारखाना पेढीच्या मागे होता. जन्मभर नळी फुंकून ज्यांचे गाल फुगीर झाले होते, ते मुख्य कारागीर म्हणजे फुंकणीकाका. त्यांनी वर पाहिले नाही.

"वेलीबद्दल मला विचारू नका. तीन महिन्यांत नजरेस पडलेली नाही. समारंभात मी मागच्या दाराशी, भांडी उचलायला! धाकटा म्हणतो, तिजोरीच्या दहा पावलांत दिसलास तर घरी बस. थोरले मालक असताना दर वर्षी ती मीच पुसायचो."

"पुसायची कापडं फेकून देता?"

"बाई, सोनाराच्या घरी आलात की कुठं?" काकांनी प्रथमच मान वर केली. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्याकडे त्यांनी बोट दाखविले. "सगळी त्यात जातात. वर्षाअखेर जाळायची आणि राखेतून सोनं काढायचं. जमिनीवरचा केरसुद्धा आम्ही गाळतो."

"वेलीच्या कापडातूनही निघायचं?"

"सोनं ते सोनं. त्याला काय माहीत, आपण खानदानी आहोत म्हणून!"

पलीकडच्या बैठकीवर वहिनींची लेक कानशीने एक पातळ पान घाशीत होती. वीस-एकवीस वर्षांची, मितभाषी.

"पणजोबांची वही मी उघडून पाहिलेली नाही," ती म्हणाली. "आत्या देत नाही. वेल मात्र माझ्या उशाशीच असायची. आई निजताना काढून ठेवायची, आमची खोली एकच."

"कधी उचललीस?"

तिने कानस थांबविली. "नाही. पण दिवा मालवला की मोजायची. अंधारात बोटांवर, डबी न उघडताच. अकरा आणि अर्धं."

परतीच्या वाटेवर मास्तरांनी आपला निर्णय जाहीर केला. "धाकटे मालक. किल्ली त्यांची, तिजोरी त्यांची, जीभ तर ताई, वस्तऱ्यासारखी."

"जिभेवरून चोर ठरत असते तर बाजार ओस पडला असता," ताई म्हणाल्या. "ती चित्रं दाखव. या कड्या अशा वाटोळ्या का काढल्यास?"

"होत्या तशा काढल्या."

"अगदी वाटोळ्या? जिथं एक दुसरीत लटकते तिथंसुद्धा?"

"ताई, चाळीस वर्षं वर्तुळ शिकवलंय मी पोरांना! मला वर्तुळ कळत नाही?"

"कळतं की," ताई समाधानाने म्हणाल्या आणि कागद घडी घालून पिशवीत ठेविला.

रविवारी सकाळी पेढी बंद होती. काचेच्या कपाटाभोवती सारे जमले होते आणि कुणी कुणाच्या शेजारी बसलेले नव्हते. धाकट्या मालकांनी लिहून ठेवलेला कागद आणि लेखणी वहिनींपुढे सरकविली.

"सही करा आणि हा तमाशा संपवा."

"सहीआधी मी दोन शब्द बोलते," ताईंनी पिशवीतून पितळेची दोन वजने काढली. "हे किलोचं वजन नवं, आणि हे दहा वर्षं भाजीवाल्यानं वापरलेलं. धाकटे मालक, दोन्ही सारखी भरतील?"

"जुनं हलकं असेल. पोरालाही कळतं ते."

"का?"

"झिजतं म्हणून. पण त्याचा इथं..." ते मध्येच थांबले.

"म्हणूनच वजनांवर आम्ही वरचेवर नवा छाप मारायचो," ताई म्हणाल्या. "पितळ झिजतं, सोनं तर त्याहून मऊ. आणि ही वेल नव्वद वर्षं सुनांच्या गळ्यात होती. अंगाला, कापडाला घासली. फुंकणीकाकांनी पुसली की त्या फडक्यात सोनं उतरायचं, ते जाळून त्यांनी राखेतून काढलं. तरी परवा तराजूत ती किती भरली? वहीत लिहिलंय तितकीच. नव्वद वर्षांत दशांशही न गमावणारं सोनं मी पाहिलेलं नाही. तुम्ही ज्याला खरेपणाचा पुरावा म्हणालात, तोच खोटेपणाचा दाखला. हा हार नवा आहे."

फुंकणीकाका पुढे आले, त्यांनी हार उचलून तळहातावर खेळविला. "नवा," ते म्हणाले. "आधीच हातात दिला असतात, तर जेवायच्या आत सांगितलं असतं."

"कडा घासून त्याला जुनेपण दिलंय," ताई पुढे म्हणाल्या, "पण मास्तरांच्या चित्रात पाहा. पानं सगळीकडं सारखीच झिजलेली. खरा दागिना अंगाकडून जास्त झिजतो, पुढून कमी. आणि कड्या! कडीत कडी नव्वद वर्षं घासली, तर ती तिथं कातली जाते, सैल होते. सैल झाली म्हणून तर वेल किणकिणायची. या कड्या पूर्ण वर्तुळ आहेत. म्हणून ही मुकी."

मास्तरांनी स्वतःच्या चित्राकडे असे पाहिले, जणू ते दुसऱ्याच कुणी काढले असावे.

"म्हणजे वहिनीनंच बदलला!" धाकटे मालक गरजले. "मी म्हणतच होतो!"

"जरा थांबा. चोराच्या हातात वस्तू असेल, तर तो वस्तू तोलील. वहीतला आकडा कशाला धरील? वहिनींकडे वेल बावीस वर्षं होती. त्यांनी नक्कल करवली असती, तर आजच्या वजनाची. तुमच्याकडे ती तीन महिने होती, तुमचंही तेच. फुंकणीकाका तर कापडाच्या राखेवरून झीज ओळखतात. पोरीच्या उशाशी ती रोज होती, आणि वही तिनं पाहिलेलीही नाही. वहीतल्या आकड्यावर कोण विसंबेल? ज्याला वहीतली रेघन् रेघ ठाऊक आहे, पण वेल कधीही तोलता आली नाही, असं माणूस. कारण तिला हात लावण्याचीच त्याला बंदी होती."

सर्वांच्या नजरा एकाच दिशेस वळल्या. आत्या ताठ बसल्या होत्या.

"नक्कल आधीच तयार होती," ताई म्हणाल्या. "दुःखाच्या दिवसांत बंद डबी तुमच्या हाती आली. खोलीपासून तिजोरीपर्यंत एक जिना आहे. तेवढा पुरला. घरची मुलगी डबी उघडणार नाही, याची सर्वांना इतकी खात्री होती की कुणी मागं वळून पाहिलंही नाही. आत्याबाई, मी झडती घेणार नाही. फक्त एकदा मान वळवून वहिनींकडे पाहा. मास्तरांना वाटलं, तुमची मान धरली आहे."

मग आत्यांनी मान वळविली.

काळ्या कापडाआडून, अगदी बारीक, किणकिण ऐकू आली.

वहिनींच्या तोंडून हुंदका फुटला. पण तो क्षणभरच. मग त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. आत्यांनी एकेक बटण सोडले, वेल काढली आणि स्वतःच तराजूत ठेविली.

एकशे एकोणतीस पूर्णांक नऊ.

"अडीच ग्रॅम," आत्या म्हणाल्या. "म्हणजे मी नेलं त्याहून अडीच ग्रॅम जास्त ठेवलं. माझ्या जन्माच्या कमाईचं सोनं आणि माझ्याच हातची घडण आहे त्या नकलेत. याला चोरी म्हणायचं तर खुशाल म्हणा."

"चोरीच!" धाकटे मालक ओरडले. "घराची अब्रू..."

"तू गप्प बस. तुला ती तिजोरीतला ऐवज वाटते." आत्यांनी वही उघडून शेवटचे पान पुढे धरिले. "आजोबांनी पानांची यादी लिहिली आहे. वाचा. सातवं पान, 'धाकटी लेक'. आठवं, 'थोरली लेक'. त्यांनी लेकींची पानं घडवली, आणि यांनी लेकींचे हात बांधले. पंचवीस वर्षं मी त्या पानांच्या सावल्या विकते आहे."

"मागायचं होतंत, वन्सं," वहिनी म्हणाल्या.

"मागितलं होतं. आठ वर्षांपूर्वी, याच खोलीत. एकदा फक्त हातात दे म्हटलं. तू काय म्हणालीस? 'वन्सं, रीत मी नाही केली, मी नुसती पाळते.'"

वहिनींनी नजर खाली वळविली. त्यांना ते आठवले असावे. मास्तरांना त्यांच्याकडे पाहवेना.

"आठवतं," शेवटी त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. पण चार माणसांत मला भास होतात म्हणालात, तेव्हा वेल तुमच्या गळ्यात होती. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही." मग त्या दिराकडे वळल्या. "भावोजी, रविवार आहे. मी वेडी की चोर?"

"हे बघा, आता झालं ते..."

"वेडी की चोर?"

धाकट्या मालकांनी भिंतीवरच्या घड्याळास उत्तर दिले. "दोन्ही नाही."

"आणि माझ्या मुलीची बैठक?"

"राहील."

वहिनींनी सहीचा कागद फाडला. तराजूतून वेल उचलली आणि लेकीला म्हणाल्या, "इकडे ये. हात पुढं कर."

लेकीने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "आत्यानं लावला ती चोरी. मग मी लावला तर काय, आई?"

त्या प्रश्नाला त्या घरात नव्वद वर्षांचे उत्तर होते, आणि ते द्यावयास कुणाचीच जीभ उचलली नाही. वहिनी मुलीच्या पाठीशी गेल्या आणि वेल तिच्या गळ्यात घालून फासा अडकविला.

"झिजेल," फुंकणीकाका पुटपुटले.

"झिजू दे," वहिनी म्हणाल्या.

आत्यांनी आपल्या कपाटाची किल्ली काढून वहीवर ठेविली आणि वही भाचीकडे सरकविली. "हात कच्चे नाहीत तुझे. मी खोटं बोलले." त्यांनी आपली नक्कल मात्र उचलून रुमालात गुंडाळली. कुणी अडविले नाही. कुणी थांब असेही म्हटले नाही.

दाराशी जाऊन त्या थबकल्या. सवयीने सारे अंग वळविले नाही, केवळ मान वळवून त्यांनी मागे पाहिले.

कुठेच काही वाजले नाही.